खाऱ्या विहिरीचं घर

१

वत्सलाचं पत्र आलं तेव्हा दसरा व्हायचा होता. आता नाताळ तोंडावर आला, तरी माधव बायरींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. ते त्यांच्या उशाशी एका जाड शब्दकोशात होतं, आणि शब्दकोश रोज उघडला जात होता.

'तुझ्या गावाजवळ पडुबैलला एक घर पाहून आले,' वत्सलाने लिहिलं होतं. 'कौलारू आहे. मागे माड, पुढे मल्लिगेच्या फुलांचा मळा, अंगणात विहीर. मालकिणीचा मुलगा परदेशात असतो, तो आठ लाख म्हणतो. दलाल म्हणतो साडेसातला तुटेल. रिक्षावाला म्हणाला, पाचच्या वर गेलात तर फसलात. लग्नानंतर मी सगळा जन्म भिलईच्या क्वार्टर्समध्ये काढला. घर विकत घेणं मला ठाऊक नाही आणि तुमचा किनारा तर त्याहून नाही. मल्लिगेचं झाड असतं की वेल, हेसुद्धा मला सांगता यायचं नाही. तू तिथला. वाजवी किंमत काय ते तू सांग. तू म्हणशील तो आकडा मी मान्य करीन.'

त्या शेवटच्या वाक्यानेच घोटाळा केला होता. बायरींनी तीस वर्षं उडुपीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काढली होती. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात, हे ते झोपेतही सांगू शकले असते. पण घराची किंमत? बाजारात वांगी घेतानासुद्धा पहिला भाव ऐकून पैसे देऊन मोकळे होणारा हा माणूस. त्यांनी चार वेळा उत्तर लिहायला घेतलं. सात लिहिलं की वाटे, जास्त झाले, ती यायचीच नाही. सहा लिहिलं की वाटे, ती यावी म्हणून तर आपण कमी लिहीत नाही ना? मग कागद फाडून टाकत.

वत्सला आणि ते म्हैसूरला ग्रंथालयशास्त्र शिकायला एका वर्गात होते. त्यांच्या कानडीतल्या तुळू हेलाची नक्कल करून ती सगळ्या वर्गाला हसवायची, आणि त्यांच्या आईने पाठवलेल्या लोणच्याची अर्धी बरणी तीच संपवायची. एकदा सगळा वर्ग मलप्याला आला होता. वत्सलाने तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. चपला हातात धरून ती किती तरी वेळ नुसती उभी होती. मग म्हणाली, "तुम्हाला हे रोज दिसतं? आणि तुम्ही कामं कशी करता रे?"

पुढे तिचं लग्न झालं, यांचंही झालं. दिवाळीला एक कार्ड जायचं, एक यायचं. आता दोघांचीही घरं रिकामी होती.

अशा विचारात ते ओसरीवर बसले असताना सुंदर अमीन स्कूटर लावून आत आला. तोच तो दलाल. सुंदर हे त्याचं नाव. बाकी त्याबद्दल कोणी काही बोलत नसे.

"मास्तर, पेढे काढा!" तो ओरडला. बायरींनी कधी शिकवलं नव्हतं, तरी पुस्तकांमुळे सगळे त्यांना मास्तरच म्हणत. "तुमच्या भिलईवाल्या बाईंचं नशीब उघडलं. जुलानबायचं घर अर्ध्यात आलंय."

"अर्ध्यात? का?"

"विहीर खारट झाली ना! तोंडात धरवत नाही पाणी. शेजारच्या शीनप्प शेट्टीने लगेच चार लाख सांगितले, तिकडून मुलाने फोनवर हो म्हटलं. सोमवारी करार. बाईंनी सव्वाचार म्हटलं तर मी अजून फिरवतो. तार करा."

बायरींनी चष्मा काढून पुसला. "विहीर खारट होते ती वैशाखात, अमीन. पाऊस संपून महिना-दीड महिना झालाय. खाडी तिथून लांब आहे."

"तेच तर!" अमीन जवळ सरकला. "कोणीतरी मीठ टाकलंय. गावात सगळे बोलतायत. ज्याला स्वस्तात हवं, त्याचंच काम. आणि राग मानू नका, पण शेट्टी उघड म्हणतो, ती बाहेरची बाई पाहून गेली आणि नंतर हे झालं. तिनेच कोणाला तरी हाताशी धरलं असणार."

बायरी उठले आणि कोपऱ्यातली छत्री घेतली. बाहेर लख्ख ऊन होतं.

२

जुलानबायच्या घरी ते वीस वर्षं जात होते. दर शुक्रवारी पूजेला मल्लिगे, म्हणजे इकडचा मोगरा, लागे, आणि शारदेला बाजारातली फुलं चालत नसत. "देवाला कोमेजलेलं देऊ नये," असं म्हणून ती नवऱ्याला बसने थेट मळ्यापर्यंत ओढून आणी. शारदा गेली तरी त्यांचा शुक्रवार चुकला नव्हता. गेले दोन आठवडे मात्र खोकल्यामुळे जमलं नव्हतं.

या घराचा एक नियम होता. पायरीजवळ एक दगडी दोणी होती, काठोकाठ भरलेली. कोणीही आलं, पाद्री असो की पोस्टमन, की जुलानबाय आतून ओरडे, "आधी पाय!" तिचा नवरा बाल्तझार गमतीने म्हणे की स्वर्गाच्या दारातही ही बाई सेंट पीटरला आधी पाय धुवायला लावील.

आज बायरी सवयीने दोणीकडे वळले. दोणीवर माडाचं विणलेलं झावळ टाकलेलं होतं.

"तसेच या मास्तर, तसेच या!" जुलानबाय दारात आली. सत्तरी उलटलेली, अंगाने वाळकी, कानात जुनी सोन्याची फुलं. "गोणपाटावर पुसा पाय. पुरे आहे."

दारातल्या गोणपाटावर त्यांनी पाय पुसले. पायाखाली काहीतरी कुरकुरलं. वाळू असेल, असं त्यांना वाटलं.

आत नाताळच्या फराळाचा वास होता. करंज्यांसारख्या तळलेल्या नेवऱ्या सुपात पसरल्या होत्या. दर वेळी ती त्यांना शहाळं देई. ब्राह्मण म्हातारा, शिजवलेलं घेईल न घेईल, त्याला अवघडायला नको, म्हणून. आज तिने विहिरीच्या पाण्याचा पेला पुढे केला.

"प्या. प्या की. चव बघा म्हणजे खात्री होईल."

त्यांनी घोट घेतला आणि कसाबसा गिळला.

"बघितलंत? रविवारी चर्चच्या मिस्साहून आले, पेज चढवली, तर पेज तोंडात घालवेना. असल्या घराला कोणी फुटकी कवडी देऊ नये." ती हे चांगलं ठसक्यात म्हणाली, पण लगेच तिचा आवाज खाली गेला. "आणि हा शेट्टी चार लाख देतो म्हणतो. खाऱ्या विहिरीचे! वेडा आहे मेला."

"तुमचा रॉनी काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मिळतायत तर घे मम्मा, आणि कॅनडाला ये. बर्फ पडतो तिथे. मी काय करू बर्फात? सोमवारी सही करायची म्हणे." तिने नेवऱ्यांचं सूप उगाचच इकडून तिकडे सरकवलं.

बायरी विहिरीपाशी गेले. बाल्तझारने स्वतः उभं राहून खोदवलेली विहीर. कठड्यावरून वाकून पाहताना त्यांना काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. मग आठवलं. शारदा इथेच वाकून हाक मारायची, "पाद्री! ए पाद्री!" पाणी स्वच्छ राहावं म्हणून बाल्तझारने सोडलेलं कासव होतं ते. काळी पाठ झग्यासारखी आणि बरोबर जेवायच्या वेळेला हजर, म्हणून त्याने त्याला पाद्री नाव ठेवलं होतं. शारदेने किती हाका मारल्या तरी तो कधी वर आला नाही. जुलानबायने भाताचं शित टाकून कळशी सोडली की मात्र मुकाट्याने कळशीत शिरायचा.

"पाद्री कुठे आहे, बाय?"

"मेला बिचारा," ती चटकन म्हणाली. "खाऱ्या पाण्यात जगतोय होय? पुरला तिकडे."

हीच जुलानबाय एकदा कोंबडी मेली म्हणून दोन दिवस जेवली नव्हती. बायरींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती नेवऱ्या मोजत होती.

३

पुढच्या मळ्यात फिलू कळ्या खुडत होती. फिलोमेना, गावाची फिलू. मळा जुलानबायचा, मेहनत फिलूची आणि फुलं अर्धी अर्धी. त्यावर फिलूने दोन मुलींना शिकवलं होतं.

मळा हिरवागार होता. बायरी झाडांमधून हळूहळू चालले. मल्लिगे फार नाजूक. खारट पाणी एकदा-दोनदा लागलं तरी पानांच्या कडा करपतात. इथे एकही पान करपलेलं नव्हतं. आळ्यांतल्या मातीवर बारीक हिरवे ठिपके दिसत होते. तळ्याच्या पाण्यावर तरंगतं ते शेवाळ. खालचे ठिपके सुकून काळे पडले होते, वरचे ताजे होते.

"आज काय भाव निघाला, फिलू?" त्यांनी विचारलं. शेजारच्या शंकरपुरात मल्लिगेचा भाव रोज ठरतो आणि जेवणवेळेच्या आत गावातल्या प्रत्येक बाईला तो पाठ असतो.

"चढलाय मास्तर. लग्नसराई आहे." ती हसली, पण हात थांबले नाहीत.

"फुलांचा भाव सगळ्यांना एक. घराचा मात्र प्रत्येकाला वेगळा."

"घराचा भाव मोठी माणसं ठरवतात. आपल्याला कोण विचारतो?"

"विहिरीचं पाणी झाडांना कधीपासून बंद केलंस?"

हात थांबले. "कळलं तेव्हापासून. रविवारपासून."

"खोटं!" कुंपणापलीकडून आवाज आला. शीनप्प शेट्टी पंचा सावरत येत होता. जाडजूड, कपाळाला गंध, आवाज जत्रेतल्या भोंग्यासारखा. "मास्तर, ही त्याच्या आधीच्या बुधवारपासून माझ्या तळ्यातून घागरी भरून नेतेय. मी म्हटलं, नेऊ दे, पाण्याला कशाला नाही म्हणा. आता कळलं का नेत होती! विहीर खारी होणार हे हिला आधीच ठाऊक होतं. कारण हिनेच केली!"

"मी नाही हो शेट्टी! देवाची शपथ!"

"मग कोणी? घर विकलं तर मळा गेला, म्हणून विक्री मोडायला मीठ टाकलंस. रॉनीला मी फोनवर सांगितलंय. सोमवारी सही झाली की पहिली तू बाहेर."

फिलूच्या ओच्यातल्या कळ्या खाली सांडल्या. त्या वेचायला बायरी वाकले, तीही वाकली. तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "तुला कोणी सांगितलं होतं का?"

फिलूने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. ही मान नकाराची नव्हती. मला विचारू नका, एवढंच ती सांगत होती.

"शेट्टी," बायरी उठून म्हणाले, "खाऱ्या विहिरीच्या घराचे तुम्ही चार लाख का देता?"

"मला पाणी कशाला हवंय? मी लग्नाचा हॉल बांधणार. बोअर मारीन. जुनं घर पाडायचंच आहे." मग आपण जास्त बोललो हे लक्षात येऊन तो म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, जमत असेल तर पाच द्यावे आणि खारं पाणी पीत बसावं!"

४

परतीच्या बसमध्ये बायरींना खिडकीची जागा मिळाली. आपण उगाच यात पडलो, असं त्यांना वाटत होतं. गुन्हे शोधणारी माणसं कशी असतात हे त्यांनी पुष्कळ वाचलं होतं. त्यांतल्या कोणालाही शेट्टीने आवाज चढवल्यावर घाम फुटत नसे.

तरी डोकं थांबेना.

शेट्टीने केलं असेल? फायदा त्याचा उघड. पण शेट्टी घर पाडणार होता, मळ्यावर हॉल बांधणार होता. तो फिलूला कशाला सावध करील? झाडं जळाली असती तर त्याला बरंच झालं असतं. आणि आपणच मीठ टाकलं असतं, तर बुधवारच्या घागरींची गोष्ट त्याने आपणहून कशाला सांगितली असती?

अमीन? दलाली किमतीवर मिळते. किंमत अर्धी, तर दलाली अर्धी. पेढे मागणारा अमीन मनातून चरफडत असणार.

फिलू? विहीर बिघडली तर सगळ्यात आधी तिचाच मळा अडचणीत. उन्हाळ्यात शेट्टीचं तळं आटलं की ती पाणी कुठून आणणार होती?

वत्सला? त्यांनी मनातच पत्र उघडलं. मल्लिगेचं झाड असतं की वेल, हेही तिला ठाऊक नव्हतं. मीठ टाकायच्या आधी कळ्यांची काळजी करायला ते आधी माहीत असावं लागतं. बायरींच्या छातीवरचं एक ओझं उतरलं. ते इतकं जड होतं, हे त्यांना आत्ता कळलं.

म्हणजे मीठ टाकणारा माणूस असा, ज्याला घराचा भाव पाडायचा होता, पण मल्लिगेचं पान करपू द्यायचं नव्हतं. आणि ज्याचं नाव सांगण्यापेक्षा फिलू स्वतः हाकलली जायला तयार होती.

मग त्यांना सगळ्यांनी सांगितलेले भाव आठवले. रॉनीला तिकडे पैसे हवेत, तो आठ म्हणतो. दलालाला सौदा हवा, साडेसात. शेट्टीला जमीन हवी, चार. परक्या गावात माणूस भाव विचारत फिरतो आणि त्याला वाटतं आपल्याला घराची किंमत कळतेय. कळत असतं ते सांगणाऱ्याचं मन.

आणि एकच माणूस असं होतं, ज्याने स्वतःच्या घराला फुटकी कवडी देऊ नका म्हटलं होतं.

बस कटपाडीला थांबली तेव्हा त्यांना पायाखालची कुरकुर आठवली. वाळू नव्हती ती. मिठाचा खडा होता. माडांच्या आळ्यात घालायला प्रत्येक घरात जाड्या मिठाची गोण असते. या घरातली गोण रिकामी होऊन दारात पाय पुसायला पडली होती.

पण ओझं वाहून नेता न येणारी म्हातारी, आणि पुरावा म्हणून एक गोणपाट? कोणी हसलं असतं. मग दोणी आठवली. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात ते धुळीच्या पायांनी गेले होते.

५

दुसऱ्या दिवशी शुक्रवारच होता. बायरी पोचले तेव्हा अंगणात गलका चालला होता. शेट्टी टेप घेऊन जमीन मोजत होता, अमीन दुसरं टोक धरून होता आणि फिलू पायरीशी रडत उभी होती.

"सोमवारची वाट कशाला बघू?" शेट्टी म्हणत होता. "आजच मळ्याच्या बाहेर हो. चोर तर चोर, वर घागरी माझ्याच तळ्यातल्या!"

जुलानबाय दारात खांब धरून उभी होती. तिचा रंग उडाला होता.

बायरींना काहीतरी खणखणीत बोलायचं होतं. रात्रभर त्यांनी वाक्य तयार केलं होतं. ते आता साफ विसरलं. ते सरळ पायरीजवळ गेले आणि चपला काढल्या.

"बाय, पाय धुवायचे आहेत."

"नको मास्तर. तसेच या."

"वीस वर्षं कोणाला तसंच येऊ दिलं नाहीत. माझी शारदा बाळंतीण पुतणीला घेऊन आली होती तेव्हाही नाही. आजच काय झालं?"

जुलानबायने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी झावळाला हात लावला नाही. नुसते बाजूला उभे राहिले.

"शेट्टी, अमीन," ती म्हणाली, "जरा फाटकापाशी थांबा. मास्तरांशी बोलायचंय."

ते गेल्यावर तिने स्वतःच झावळ उचललं. दोणीतल्या तळ्याच्या पाण्यात काळी पाठ हलली. पाद्रीने मान वर काढली, बायरींना पाहिलं आणि जेवण नाही असं दिसल्यावर पुन्हा आत घेतली.

"कसं ओळखलंत?" तिने विचारलं.

"हा तुमच्याशिवाय कोणाच्या कळशीत शिरत नाही. शारदेने इतकी वर्षं हाका मारल्या, तिला कधी दाद दिली नाही. दुसऱ्या कोणी मीठ टाकलं असतं तर हा मेला असता आणि झाडंही करपली असती. तुम्ही आधी याला बाहेर काढलंत, मग फिलूला सांगितलंत, विहिरीचं पाणी देऊ नको. आणि मग तांब्या तांब्याने गोण रिकामी केलीत."

जुलानबाय पायरीवर बसली. फिलू तिच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला.

"हिला मी शपथ घातली होती," जुलानबाय म्हणाली. "मास्तर, खारी विहीर कोण घेतो आमच्या इथे? मला वाटलं, गिऱ्हाईक येणार नाही, रॉनी कंटाळेल, माझं मरण इथेच होईल. बाल्तझारने लावलेली झाडं कशी जाळू? याला कसा मारू? तेवढं सोडून बाकी सगळं बिघडवलं. आणि काय झालं? हा घर पाडणारा आला. माझ्या हातांनी मी माझं घर अर्ध्यात विकलं."

"रॉनीला नको म्हणायचं ना."

"एकुलता एक आहे. फोनवर तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात नको म्हणायचं की कसा आहेस विचारायचं?"

फाटकाजवळून शेट्टीचा आवाज आला. "बाय, झालं का? त्या चोरटीला आधी—"

जुलानबाय उठली. बायरींना वाटलं ती आत जाईल. ती पदर खोचून थेट फाटकापर्यंत गेली.

"शीनप्पा! तिला चोरटी म्हणू नकोस. मीठ मी घातलं. माझी विहीर आणि माझं मीठ. तुझ्या बापाचं काय गेलं?"

अमीनच्या हातातली टेप सर्रकन गुंडाळत गेली. शेट्टीच्या डोळ्यांत हिशोब चमकला.

"म्हणजे झरे गोडेच आहेत? पंप लावून दोन-चारदा उपसली की झालं? मग बाय, मी सहा देतो."

"वा रे वा! काल खाऱ्याचे चार देत होतास. मग गोड्याचे सहाच? आणि पाडायचं आहे, तर गोडं कशाला हवंय रे तुला, आंघोळीला?"

फिलू रडता रडता हसली. अमीनने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

शेट्टी पंचा झटकत निघून गेला. मग जुलानबाय वळली. "मास्तर, तुम्ही एवढं वाचलंय. खरं सांगा, या घराची किंमत काय? मला बरं वाटावं म्हणून नको."

बायरी विहिरीच्या कठड्यावर टेकले. त्यांनी घाबरत घाबरत विचारायला सुरुवात केली, आणि तिने एकेक खरं सांगितलं. विहीर वैशाखातही आटत नाही. पण पश्चिमेच्या वाशांना वाळवी लागलीय. पावसात मागच्या माडांखाली गुडघाभर पाणी साचतं. मासळीवाली फाटकापर्यंत येते. शेजारी शेट्टी आहे. ही शेवटची गोष्ट ती सांगत असताना अमीन म्हणाला, "त्याचे निदान पन्नास हजार कमी करा."

"सात," बायरी शेवटी म्हणाले. आपला आवाज त्यांना दुसऱ्याचा वाटला. "आणि तुम्ही राहिलात तर सहा."

"मी राहिले तर? विकून?"

"वत्सला एकटी आहे. तिला मल्लिगे झाड की वेल तेही माहीत नाही. तुम्ही पूर्वेची खोली जन्मभर स्वतःकडे ठेवा आणि फिलू मळा सांभाळेल. ती तयार होईल की नाही, मला सांगता येत नाही. मी विचारीन."

दुपारी कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात जुलानबायने रॉनीला सगळं सांगितलं. तिकडून आधी आरडाओरडा ऐकू आला. मीटरवरचे आकडे फिरत राहिले. "मम्मा, तुला तिथेच राहायचं होतं तर सांगायचं ना," असं काहीसं तो म्हणाला असावा, कारण जुलानबाय म्हणाली, "तू कधी विचारलंस, बाळा?" सोमवारचा करार होणार नाही, असं सांगूनच तिने फोन ठेवला.

६

त्या संध्याकाळी बायरी लिहायला बसले.

'प्रिय वत्सला,

तुझ्या पत्राला उशीर झाला. घराची वाजवी किंमत सहा लाख आहे. त्यात पूर्वेची खोली धरलेली नाही. तिथे जुलानबाय राहतील. त्या घराबरोबर येतात, आणि विहिरीतलं एक कासवही. विहिरीत सध्या मीठ आहे. ते कोणी आणि का टाकलं हे त्या स्वतः तुला सांगतील. ऐकून झाल्यावरही तुला त्यांच्याबरोबर राहावंसं वाटलं तरच पुढचं बोलू. मल्लिगेचं झुडूप असतं.'

इथे ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी मनात दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. मग एकदम कागदावर उतरवलं.

'हा आकडा मी सांगतो म्हणून मान्य करू नकोस. इथे प्रत्येकाने आपल्या मनासारखा भाव सांगितला, आणि माझ्याही मनात काही आहे. तू इथे यावंस असं मला वाटतं, म्हणून माझा आकडा नेमका राहिला असेल याची मला खात्री नाही. तेव्हा पैसे कोणालाही देऊ नकोस. वैशाखात ये, सगळ्या विहिरींचा खरेपणा तेव्हा कळतो. स्वतः कळशी सोड आणि पाणी चाखून बघ. घरात शिरताना आधी पाय धुवावे लागतील. मी दर शुक्रवारी तिथे फुलं न्यायला असतोच.

तुझा,
माधव.'

सकाळी ते पोस्टापाशी गेले. पेटीच्या तोंडात पत्र सरकवून त्यांनी ते तसंच धरून ठेवलं. मागे एक बाई टोपलीभर मल्लिगे घेऊन उभी होती.

"आजोबा, टाकायचंय की परत न्यायचंय?"

"आजचा भाव काय निघाला, बाय?" बायरींनी विचारलं, आणि ती उत्तर देत असताना बोटं सोडली. पेटी नुकतीच रिकामी केलेली असावी. पत्र तळाशी पडल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.